पाच दारांचा जोगवा
मंगळवारी कुठं भंडाऱ्याचा वास आला, की मला जर्मनीतल्या लॉकडाऊनची एक सकाळ आठवते. दर मंगळवारी पाच घरी देवीच्या नावानं मूठमूठ पीठ मागायचं, हा आईचा जन्माचा नेम. पण गावी, जळकोटात, तेव्हा कुणी कुणाला दारात उभं करत नव्हतं, आणि जोगवा झाल्याशिवाय ती अन्नाला शिवणार नव्हती. व्हिडिओवर म्हणाली, "लेकरा, तू माग तिकडं." मला लाज वाटली. खरं सांगतो, मी माझ्याच डब्यातलं पाच मुठी पीठ ताटात घेऊन तिला दाखवलं. ती म्हणाली, "पाची घरची एकच गिरणी हाय व्हय रे?" मग निघावंच लागलं. बेल वाजवायची, ताट पायपुसण्यावर ठेवायचं आणि लांब उभं राहून सांगायचं, "आईसाठी मूठभर धान्य हवंय." कुणी तांदूळ घातले, कुणी मॅकरोनी, कुणी ओट्स, का म्हणून एकानंही विचारलं नाही. पाचव्या दारी एकटी राहणारी म्हातारी होती. तिनं मसूर ओतला, तशी माझ्या हातातल्या फोनमधून आई गरजली, "आई राजा उदो उदो!" अक्षर न कळताही त्या बाईनं डोळे मिटून मान लववली. मग ती हळूच काहीतरी बोलली. "काय म्हणती रे माउली?" आईनं विचारलं. मला तेव्हा सांगताच आलं नाही, आज सांगतो. सहा वर्षं समोर राहूनही जिचं दार मी कधी वाजवलं नव्हतं, ती विचारत होती, "पुढच्या मंगळवारी येशील ना?"