डांबर संपलं तिथला कावळा

माझं शुद्धलेखन चुकेल, अक्षरही वेडंवाकडं आहे, माफ करा. चौथी शिकलेली आहे मी. आणि भूतखेत मानत नाही. अंगात येणाऱ्या बायका चहाच्या वेळी बरोबर शुद्धीवर येतात, हे मी पाहिलंय.

माझा दीर प्रकाश कोकणात बोटीवर कामाला गेला. जाताना माझ्याकडून चार हजार नेले… रिसोडच्या बाजारात पोती शिवून साठवलेले. दोन महिन्यांत पाठवतो म्हणाला. आले नाहीत. पुढे बोट उलटली, तो सापडलाच नाही. सगळे रडले. मी मनात म्हटलं, गेला तो गेला, वर माझे पैसेही घेऊन गेला.

वर्षश्राद्ध त्याच पाण्यावर करायचं म्हणून आमच्या किन्हीराजा गावाहून सासू, नवरा आणि मी निघालो. दोन दिवस एसटी, मग जीप. डांबर संपलं तिथे समुद्र आत वळलेला. वाळू, पांढरे पक्षी. झाड नाही, माणूस नाही. भाताचा घास ठेवला. कावळा शिवला की मेलेल्याची इच्छा पुरी झाली म्हणतात. पण कावळाच नाही! जीपवाला म्हणाला, "कावळे सगळे बंदरावर, मासळी तिकडे असते. इथे कशाला मरायला येतील?"

मला हसू आलं. पदरात लपवलं.

नवरा हात जोडून वचनं देऊ लागला. "प्रकाश, मायले सांभाळतो." — आईला पाण्याचा तांब्या देत नाही हा! "तुह्या नावानं गावजेवण घालतो." काही नाही. ऊन डोक्यावर आलं. सासू कळवळली, "काय राह्यलं रे बापा तुहं?"

नवरा उकिडवा बसला. वाळूकडे बघत म्हणाला, "तुह्या वहिनीचे पैसे तू पाठवले होते. मीच ठेवून घेतले. देतो बापा… सगळे देतो."

तेव्हा कावळा आला. बंदराकडून नाही, उघड्या समुद्राकडून — जिथे टेकायला फांदीसुद्धा नाही. घास उचलला आणि परत पाण्यावरच गेला.

सासू नवऱ्याला म्हणाली, "मेलेल्या भावाले चोर केलं काय रे तू?"

पैसे फोनवर आले होते आणि फोन नवऱ्याच्या खिशात. इतके दिवस मी चुकीच्या माणसाला शिव्या दिल्या.

तो कावळा कुठून आला, जीपवाल्यालाही सांगता आलं नाही. मलाही अजून कळलेलं नाही. तरी मी काही मानत नाही. नवऱ्याला तर नाहीच. पाचशे-पाचशे करून देत होता, दर वेळी उपकार केल्यासारखं तोंड करून. काल शेवटचे पाचशे दिले. त्याच्यासमोर मोजून घेतले. चार हजार पूर्ण.