निसर्गचित्र आणि पर्याय ‘क’

साठी उलटल्यावर प्रथमच लेखणी हाती धरणे हा आगाऊपणा आहे, याची मला जाणीव आहे, क्षमा असावी. केंद्र सरकारच्या सेवेत पस्तीस वर्षे मी इतरांच्या लिखाणावर सह्या केल्या. ते लिखाण मी वाचत असे की नाही, हा मुद्दा पुढे येणारच आहे.

माझी भाची सायली उदगीरहून नागरी सेवा परीक्षेच्या तयारीसाठी दिल्लीच्या द्वारका भागातल्या आमच्या फ्लॅटवर राहायला आली होती. आदल्या वर्षी पूर्वपरीक्षेत ती आकलनाच्या प्रश्नांवर अडकली. बरोबर उत्तरे ऐन वेळी बदलली म्हणून! “मामा, आता हा शेवटचा अटेम्प्ट. नाही जमलं तर बाबा परत बोलावणार,” असे ती म्हणाली आणि माझ्यातला मार्गदर्शक जागा झाला. (तो झोपलेलाच बरा होता.)

एका रविवारी तिने क्लासची सराव प्रश्नपत्रिका माझ्यापुढे धरली. “एवढा एकच बघता? मी ‘ड’ केलंय, पण खात्री वाटत नाही.”

निसर्गचित्रांविषयी लेखकाचे मत कोणते, असा प्रश्न होता. (अ) त्यांचा अर्थ चित्रकारालाच कळतो. (ब) निसर्गाची हुबेहूब नक्कल अशक्य असते. (क) ती मनाला शांती देतात. (ड) ती जमिनीची मालकी मिरवण्यासाठी काढवून घेतली जात.

“‘क’!” मी निर्णय दिला.

“पण मामा, उताऱ्यात तर...”

“अगं, मालकी कसली? निसर्गचित्र म्हणजे काय सातबारा आहे?”

पुराव्यादाखल मी निवृत्तीच्या वेळी भेट मिळालेले निसर्गचित्र भिंतीवरून उतरवले. चित्राबरोबर खिळा आला, खिळ्याबरोबर वीतभर प्लास्टर आले आणि ते सौ. वसुधेच्या पोह्यांत विसावले.

“नदी, शेत, एकाकी वृक्ष! काय वाटतं पाहून?” मी विचारले.

“पोहे परत करावे लागणार, असं वाटतं,” वसुधा म्हणाली.

आवाज ऐकून शेजारचे चोप्राजी धावत आले. ते प्लॉटची दलाली करतात. चित्र पाहताच त्यांचे डोळे चमकले.

“वाह, भाईसाहब! कॉर्नर का प्लॉट! रजिस्ट्री हो गई?”

“चोप्राजी, इसमें शांति है,” मी गंभीरपणे सांगितले.

“शांति जी का है? बेचेंगी क्या?”

मी त्यांच्याकडे दुर्लक्ष करून सायलीला ‘ड’ खोडायला लावला आणि ‘क’वर गोल करवला. मग उत्तरसूची उघडली. तिथे ‘ड’ होते!

मी डगमगलो नाही. “घे कागद,” मी म्हणालो आणि क्लासच्या संचालकांना निवेदन सांगू लागलो. ‘विषय: उत्तरसूचीतील गंभीर त्रुटी.’ तिसऱ्या मुद्द्यापाशी सायलीने लेखणी थांबवली.

“मामा, उतारा वाचलात ना?”

“कुठला उतारा?”

तिने हळूच पान उलटले. मागे पानभर उतारा होता. जुने जमीनदार आपापली शेते चित्रकारांकडून रंगवून घेत आणि पाहुण्यांना दिसतील अशी टांगत, याखेरीज त्यात काहीही नव्हते!

“पस्तीस वर्षं फाइलचं शेवटचं पान बघून सही केलीत,” वसुधा पोहे निवडत म्हणाली, “सवय जाणार कशी?”

“मैंने तो पहले ही बोला था,” चोप्राजी म्हणाले.

यथावकाश पूर्वपरीक्षा झाली, निकाल लागला आणि सायली उत्तीर्ण झाली! आकलनात तर भरघोस गुण! साऱ्या मजल्यावर पेढे वाटले गेले. मी संकोचाने विचारले, “माझा काही उपयोग झाला का गं?”

“मामा, सगळं तुमच्यामुळेच! अडलं की डोळे मिटायचे, उतारा न वाचता तुम्ही छातीठोकपणे काय सांगितलं असतं ते आठवायचं, आणि तो पर्याय आधी खोडायचा. एकही उत्तर नंतर बदललं नाही!”

माझी विद्वत्ता अखेर देशाच्या कामी आली. आता मला भरपूर मोकळा वेळ आहे. आपल्या घरी यंदा कोणी परीक्षेला बसणार आहे का?