दुपारचं दूध

माझं पहिलं बाळंतपण सासरी झालं, कारण इगतपुरीला आई घरात घसरून पडली होती आणि तिचा हात प्लास्टरमध्ये होता. सासर नाशिकच्या कडेला, फुलांचा मळा असलेलं. पुरुषमंडळी दिवसभर मळ्यात नाहीतर बाजारात. घरात आम्ही तिघी: मी, सासूबाई आणि थोरली जाऊ. जावेची मुलगी सव्वा वर्षाची, अजून अंगावर पिणारी.

दहाव्या दिवशी मुलाचं वजन जन्माच्या वजनापेक्षा कमी भरलं. द्वारका चौकाजवळच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कधी पाजता, कुठल्या बाजूला, किती मिनिटं, लंगोट किती ओले, सगळं लिहा." मी अंबडच्या कारखान्यात तपासणी विभागात होते. नोंदी ठेवायची सवय हाडात मुरलेली. त्याच संध्याकाळी वही सुरू केली.

चारपाच दिवसांत एक गोष्ट खटकली. सकाळी, संध्याकाळी मुलगा पंधरा-वीस मिनिटं प्यायचा. दुपारी साडेबाराला मात्र दोन मिनिटांत तोंड फिरवायचा, रोज. त्याआधी माझी आंघोळ, शेक, आणि मग लागलेला डोळा. त्या तासाभरात त्याच्या पोटात काहीतरी जात होतं.

संशय सासूबाईंवरच गेला. "दोन थेंब साखरपाण्यानं काय होतं? आमची पोरं त्याच्यावरच वाढली," असं त्या पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या होत्या आणि मी नको म्हटल्यावर गप्प झाल्या होत्या. मी मुलाचं तोंड हुंगून पाहिलं. गुटीची सहाण चाचपली. दूध पाजायच्या बोंडल्यात बोट फिरवलं. सगळं कोरडं. मला वाटलं, धुऊन पुसून ठेवलं असणार.

त्यांनाही माझा भरवसा वाटत नव्हता. "एवढं काय लिहिती गं? माहेरी वाचून दाखवती का आमचं?" त्यांनी एकदा विचारलंच.

नवऱ्याला सांगितलं तर तो चिडला. "आईवर संशय घेतेस?"

"आईवर नाही, दुपारवर," मी म्हणाले. पण ते काही खरं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शेक झाल्यावर मी डोळे मिटून पडून राहिले. मुलगा कुरकुरला, मग रडला. कोणीतरी हलकेच त्याला उचलून नेलं. बाहेरून सासूबाईंचा दबका आवाज आला, "घे लवकर. तिला झोपू दे." आणि रडं थांबलं.

मी उठून पडवीच्या दारात गेले. जाऊ भिंतीला टेकून बसली होती. झेंडूची पाटी बाजूला सारलेली, आणि माझा मुलगा तिच्या अंगावर पीत होता. त्याच्या घोटांचा आवाज मला दारापर्यंत येत होता. माझ्याजवळ तो असा कधी प्याला नव्हता. राग आला, पण त्याआधी तो आवाज मनाला लागला.

"किती दिवस चाललंय?"

जावेनं मान वर केली नाही. "वजन घटलं म्हणून कळलं त्या दिवसापासून. माझ्याच्यानं राहवेना."

"मला विचारायचं."

"विचारलं असतं तर हो म्हणाली असतीस?"

सासूबाई मध्ये पडल्या. "पोर उपाशी होतं. तुझ्या वहीनं पोट भरणार होतं का त्याचं?"

मी हात पुढे केले. जावेनं त्याच्या ओठांच्या कडेला करंगळी घालून त्याला अलगद सोडवलं आणि माझ्याकडे दिलं. मी आत गेले आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात वजन चांगलं भरलं. डॉक्टरीणबाई वही पाहून म्हणाल्या, "छान, असंच चालू ठेवा." सासूबाई शेजारी उभ्या होत्या. गप्प बसता आलं असतं, पण मी जावेचं सांगून टाकलं. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. जावेच्या तब्येतीची, औषधांची, तपासण्यांची चौकशी केली. मग शांतपणे म्हणाल्या, "बाळ जितकं ओढेल तितकं दूध येतं. तुम्ही झोपला असलात तरी त्यानं तुमच्याकडेच यायला हवं. उठवायला सांगा."

दुसऱ्या दुपारपासून सासूबाई मला हलवून उठवू लागल्या. "ऊठ गं, लय रडतंय." जाऊ मुलाला आणून मांडीवर ठेवायची आणि निघून जायची. आधी पाच मिनिटं, मग बारा, मग अठरा. तीन आठवड्यांनी वजन पुन्हा वाढलं, आणि या वेळी ते माझ्या दुधाचं होतं. तरी मी महिनाभर लिहीत राहिले. जाऊ त्याला घेऊन मळ्याकडे फिरायला गेली, की घड्याळ बघायचे.

मी तिचे आभार मानले नाहीत. तिनंही माफी मागितली नाही.

मुलगा आता तीन वर्षांचा आहे. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे जावेला मोठी आई म्हणतो. परवा तापात तो "मोठी आई" म्हणत जागा झाला. मी त्याला उचलून तिच्या खोलीत नेलं. तिनं त्याला कुशीत घेतलं, माझ्याकडे पाहिलं आणि सरकून जागा केली.

"तूही बस इथंच," ती म्हणाली.