थाई हॉटेलातली हिरवी आमटी

खून, दरोडे, दंगली यांतलं बरंचसं आता पुसट झालं आहे. निवृत्त माणसाच्या डोक्यात पेन्शन आणि गुडघे यांनाच जास्त जागा लागते. पण जुळे सोलापुरातल्या एका थाई हॉटेलातला हिरव्या आमटीचा वाडगा काही केल्या विसरता येत नाही. त्या वाडग्यापायी एक हॉटेल बुडणार होतं आणि एक लग्नही मोडणार होतं.

रविवारची दुपार होती. पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी म्हणून मी हजर होतो. खासगी दवाखान्यातून फोन आला, की एका तरुणाला हॉटेलात जेवताना श्वास लागून आणलंय, तोंड सुजलंय, विषबाधा झाली असं नातेवाईक म्हणतायत. ठाणे अंमलदार स्टेशन डायरीत नोंद घेत होता तोच दुसरा फोन खणखणला. बोलणाऱ्याने नाव सांगितलं नाही. "सायेब, त्या चायनीजवालीनं पाव्हण्याला इख घाटलंय. लोक लई तापल्यात. लवकर या, न्हायतर हॉटेल ऱ्हात न्हाय." निनावी फोनवाले गुन्ह्याबद्दल निम्मं खोटं बोलतात, गर्दीबद्दल मात्र खरं सांगतात. मी लगेच गाडी काढायला लावली.

हॉटेल छोटंसंच होतं. मालकीण विणकरांच्या घरातली, तिशीतली. काही वर्षं तिने जहाजावरच्या स्वयंपाकघरात काम केलं होतं. थायलंडचे, मलेशियाचे पदार्थ तिथेच शिकली आणि परत येऊन साठवलेला सगळा पैसा या हॉटेलात घातला. आई भाज्या चिरायला, ती स्वतः रांधायला आणि वाढायलाही. बाहेरच्या बोर्डाची काच फुटली होती. आत आई तेलुगूत काहीतरी पुटपुटत कोपऱ्यात बसली होती आणि मुलगी ओल्या फडक्याने तेच ते टेबल पुसत होती. मी आधी ते फडकं बाजूला ठेवायला लावलं आणि गर्दी पांगवली.

प्रकार असा होता. दुधनीच्या एका घरातल्या मुलीचं लग्न पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाशी ठरलं होतं. सुपारी फुटली होती. मुलीकडच्यांनी जावयाला आणि व्याह्यांना हौसेने जेवायला नेलं होतं. मुलाला लहानपणापासून शेंगदाणा अजिबात चालत नाही. त्याने ते मालकिणीला आल्या आल्या सांगितलं होतं. तरी जेवताना तो कोसळला. दवाखान्यात त्याचे वडील माझ्यावरच उखडले. "बजावून सांगितलं होतं. तरी तिनं शेंगदाणे घातले. माझा मुलगा आत नाकाला नळी लावून पडलाय. तिला आताच्या आता अटक करा. सूर्य मावळला की तुम्हीच म्हणाल, बाईमाणूस आहे, आता सकाळी बघू."

गृहस्थ कायदा जाणून होते; सूर्यास्तानंतर बाईला अटक करता येत नाही. फिर्याद लिहून झाली, पण तेवढ्यात डॉक्टरांनी त्यांना आत बोलावलं म्हणून सही राहिली.

मालकिणीला मी ठाण्यात बोलावलं. महिला अंमलदार शेजारी बसवली, पाणी दिलं. चौकशीत मी आवाज चढवत नसे. आवाज चढवला की खरा माणूस घाबरतो आणि खोटा सावध होतो. ती रडली नाही.

"सर, पपईच्या कोशिंबिरीवर आम्ही शेंगदाणे टाकतो. त्या टेबलाची कोशिंबीर मी शेंगदाण्यांशिवायच दिली. शेंगदाण्याची चटणी लागते ते पदार्थ केलेच नाहीत. कढया परत घासल्या. लोक शाकाहारी होते म्हणून माशाचा अर्क पण बाजूला ठेवला. अजून काय करू सांगा की?"

"मग त्याला झालं काय?"

"शेंगदाणाच बाधलाय, सर. जहाजावर असं एकदा बघितलंय मी. रिक्षात त्याच्याबरोबर मीच होते. डॉक्टरला मीच सांगितलं, शेंगदाण्याची रिॲक्शन वाटते, लवकर इंजेक्शन द्या. घरचे मागून पोचले, मग मी हॉटेलात परतले."

मी पेन खाली ठेवलं. दवाखान्यात चौकशी केली तर डॉक्टरांनी दुजोरा दिला. सोबत आलेल्या बाईने नेमकं सांगितलं म्हणून वेळ वाचला, नाहीतर अवघड होतं. जे तिच्याच गळ्याशी येणार होतं, ते तिने सगळ्यांच्या आधी स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं. गुन्हेगार असं करत नाही. पण शेंगदाणा तर पोटात गेला होता. मग तो आला कुठून?

मी पुन्हा हॉटेलात गेलो. पंचांसमक्ष उष्टी भांडी ताब्यात घेतली. तपासणीचा अहवाल प्रयोगशाळेतून येईपर्यंत त्या पोरीचं हॉटेल बंद पडलं असतं, म्हणून सील करण्याआधी मी स्वतः वाडगा उजेडात धरला. हिरवी आमटी, नारळाचं दूध, गवती चहाचा वास. आणि वाडग्याच्या कडेला तांबडं तेल. त्यात शेंगदाण्याचं जाडसर कूट. वास घेतला आणि मी चक्रावलो. लसूण, जिरं, तिखट. ही थायलंडची चटणी नव्हती, ही आपली सोलापुरी शेंगा चटणी होती! स्वयंपाकघरातल्या पातेल्यातली आमटी मात्र स्वच्छ हिरवी होती.

सोलापूरकरांना सांगायला नको. आपली बाई गावाबाहेर निघाली की पिशवीत शेंगा चटणीची पुडी असतेच. माझ्या बायकोने ती काश्मीरला नेली होती आणि तिथल्या हॉटेलात राजम्यावर भुरभुरवली होती. परक्या अन्नावर आपला भरवसाच नसतो.

मुलीकडचे जुळे सोलापुरात नातेवाइकांच्या फ्लॅटवर उतरले होते. तिथे गेलो तर सगळे एकदम बोलायला लागले. बोलत नव्हती ती फक्त मुलीची आत्या. आई लहानपणी गेलेली ही पोर तिनेच वाढवली होती. दहाजण ओरडत असताना जो गप्प असतो त्याच्यापाशी जाऊन बसावं, हे मी ठाण्यातच शिकलो. चटणीचा विषय मी काढलाच नाही. मी जेवणाचं विचारलं.

"आत्या, कसं होतं वो जेवण?"

"कसलं जेवान, सायेब! च्यात घालायचं गवत आमटीत घाटलंय. समदं गुळमाट. ना तिकाट, ना मीठ. ताट वाडून देत न्हाईत, समदी वाडगी मदी ठिवायची आन् ज्यानं त्यानं घ्यायचं. जावई पयल्यांदा पंगतीला बसलेला, त्यो उपाशी उठला तर आमची काय अब्रू ऱ्हाती?"

"मग काय केलंत?"

तिचा हात आपसूक शेजारच्या पिशवीकडे गेला आणि तिथेच थांबला.

"पोरं फोटो काडाय उठली हुती," ती हळूच म्हणाली. "तवा मी वाडग्यात पुडी सोडली, हालवली. जावयानं त्या बाईला काय सांगितलं त्ये इंग्रजीत, मला काय कळतंय? शेंगा कुणाला बादत्यात व्हय, सायेब? आमच्याकडं तर बाळंतिणीला देत्यात. दवाखान्यात कळलं आन् माझी वाचाच गेली. सांगितलं तर पोरीचं लगीन मोडतंय. अय्यो शिवा, काय करून बसले मी!"

ताटात वाढली असती तर मुलाला चटणी दिसली असती आणि त्याने हात लावला नसता. त्यांच्या रीतीचा सामायिक वाडगा आणि आपल्या रीतीची पुडी, दोन्ही एकत्र आली आणि घात झाला.

मी तिला एवढंच सांगितलं, की डॉक्टरला शेंगदाण्याचं त्या मालकिणीने सांगितलं, म्हणून तुमचा जावई जिवंत आहे. आता ती अटकेची वाट बघत ठाण्यात बसली आहे. आत्याने डोळे पुसले, पदर खोचला आणि उठली. "चला. पयलं दवाखान्यात जाऊ. माझ्या तोंडानं सांगते. मोडलं तर मोडलं, दुसऱ्याच्या पोरीचं घर बुडवून माझ्या पोरीचं घर बसवू का?"

इतक्या वर्षांत मी अनेकांकडून खरं काढून घेतलं. कुणी आपणहून एवढं मोठं खरं माझ्या हातात ठेवलं, असं क्वचितच घडलं. त्या बाईचे मी मनोमन आभार मानले. आजही मानतो.

दवाखान्यात मुलगा शुद्धीवर होता. तोंड अजून सुजलेलं. आत्या खाटेपाशी उभी राहिली आणि सगळं सांगून टाकलं. वडिलांचा चेहरा लाल झाला. ते काही बोलणार इतक्यात मुलगा बसक्या आवाजात म्हणाला, "आत्या, दोनच घास खाल्ले, पण चव भारी होती. तेव्हाच कळायला पाहिजे होतं." फिर्यादीवर वडिलांनी सही केली नाही. ठाण्यात येऊन मालकिणीपुढे हात जोडले आणि फुटक्या काचेच्या भरपाईचं विचारलं. ती म्हणाली, "काच जाऊ द्या सर. लग्नाला बोलवा." मी सगळ्यांचे जबाब घेऊन प्रकरण बंद केलं.

लग्न दुधनीला झालं. मालकीण आईला घेऊन आली होती. मांडवाच्या दारात आत्या प्रत्येक पाहुण्याला अत्तर लावत विचारत होती, "तुमाला शेंगा चालत्यात नव्हं?"

या केसने मला शिकवलं ते असं, की आपल्याकडे दुष्टाव्याने जेवढं वाईट होतं तेवढंच न विचारता केलेल्या मायेनेही होतं. आणि दोन्हींचा पंचनामा सारखाच करावा लागतो.

मी बायकोला घेऊन अजून त्या हॉटेलात जातो. काच नवी आहे, गवती चहाची आमटी तीच आहे, आता ती मला आवडतेसुद्धा. मालकीण स्वतः टेबलापाशी येते, काय चालतं, काय चालत नाही ते सगळं विचारून घेते आणि मग माझ्या बायकोपुढे हात पसरते.

"मावशी, पुडी."

बायको कुरकुरत पिशवी उघडते आणि शेंगा चटणीची पुडी तिच्या हातावर ठेवते.