विद्याचं अळशीचं जेल

कंगव्यात गुंतवळ साठते तसे आमच्या ग्रुपमध्ये किस्से साठलेत. काढून फेकावेत म्हटलं तर बोटाला चिकटून राहतात. कुठल्याही हळदीकुंकवाला कुणीतरी म्हणतंच, "मंदाताई, तो पातेल्याचा सांगा ना!" मग एक सांगितला की त्यामागून दुसरा येतो. ऐकणाऱ्या आधी खो खो हसतात, आणि मग हळूच पाय वर घेऊन बसतात.

ग्रुप म्हणजे नवीन पनवेलच्या आमच्या बिल्डिंगमधल्या चौघी. विद्या, मी, नफीसाभाभी आणि कुंदावहिनी. नफीसाभाभी पनवेलच्याच, कुंदावहिनी उरणकडच्या आगरी, आणि विद्या नि मी नोकऱ्यांमागून इथे आलेल्या. आमच्यात सारखं असं एकच, कुरळे केस! लहानपणी चौघींच्याही आयांनी तेल थापून, डोळे ताणले जातील अशा वेण्या घालून ते दाबून टाकले होते. पन्नाशी आली तशी विद्या म्हणाली, "पुरे झाली दाबादाबी!" आणि तिने घरी जेल करायला घेतलं.

अळशी उकळायची, जास्वंदीची पानं चोळून त्यांचा बुळबुळीत रस त्यात घालायचा आणि गरम असतानाच पातळ कपड्यातून पिळून काढायचं. ओल्या केसांना लावून केस मुठीत चुरगाळले, की वाळल्यावर एकेक बट अशी सुटी आणि गोल! माप विचारलं की विद्या म्हणायची, "माप कसलं? पातेलं सांगतं."

मागच्या वर्षी साधा ताप म्हणता म्हणता विद्या गेली. आम्हाला पातेलं काही सांगेना.

तिची लेक इरा खारघरला नोकरीला आहे. केस थेट आईचे. विद्या गेल्यावर तिने ते कुरळे ठेवणंच सोडलं, रोज सकाळी इस्त्री फिरवून ऑफिसला जायची. मग तिचं लग्न ठरलं, निनाद नावाच्या एका सरळमार्गी मुलाशी. एक दिवस ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मावशी, लग्नात मला माझे केस हवेत. आईसारखं जेल फक्त एकदा करून द्या. तिचा हात लागल्यासारखं वाटलं पाहिजे. नाही जमलं तर मी कायमचं स्ट्रेटनिंग करून टाकते." पार्लरची अपॉइंटमेंटसुद्धा घेऊन ठेवली होती तिने. हे सगळं तिने न रडता सांगितलं, म्हणून मलाच रडू आलं.

पुढचे सगळे किस्से त्या जेलच्या पायी घडले.

* * *

पहिलं पातेलं माझ्याकडे चढवलं. तिघी गॅसभोवती उभ्या. अळशी छान फुगली, पाणी दाट व्हायला लागलं, आणि तेवढ्यात लक्षात आलं की गाळायचा कपडा बाहेर दोरीवर आहे! गॅस बंद करून तिघीही बाल्कनीत. एकीने गेलं तर चाललं असतं, पण आमच्यात एकटीने काही करायची पद्धत नाही.

परत आलो तर सगळं थिजलेलं. पळी पातेल्याच्या मधोमध सरळ उभी. आणि ती फिरत होती! अगदी सावकाश, गोल, कुणी निवांत ढवळत असावं तशी.

मी म्हटलं, "जड आहे ना, रुतताना वळत असेल."

कुंदावहिनी माझ्या पाठीमागे सरकल्या. "रुतते तं खाली जाईल ना. ही खाली नाय जात."

आम्ही बघत राहिलो. पळीचा एक फेरा पुरा झाला, दुसरा सुरू झाला. फ्रिजचा आवाज तेवढा येत होता. शेवटी नफीसाभाभींनी ओढणी डोक्यावर घेतली आणि पातेल्याकडे बोट करून मला म्हणाल्या, "जे कोण असेल त्याला म्हणावं थांबू नका, गुठळ्या होतील!"

थांबली हो ती पळी. आणि गुठळ्या झाल्याच!

* * *

आमची पद्धत मोडून भाभींनी पुढची खेप एकटीने केली आणि हट्टाने दाट केली. इराच्या केसांना लावली. वाळल्यावर केस असे कडक की कुंदावहिनींनी तिच्या डोक्यावर दार वाजवावं तसं टकटक केलं आणि विचारलं, "हाय का कोन घरात?"

आम्ही हसलो. इराही हसली. मग हसता हसता ती उठली आणि नळाखाली डोकं धरून बराच वेळ बसली. तेव्हा मला विद्याचा रागच आला. एवढी बडबडी बाई, आणि नेमकं हेच तेवढं सांगून गेली नाही!

* * *

मग आमचं ठरलं की दोष पानांचा आहे. सोसायटीतली जास्वंद धुळीने माखलेली असते. कुंदावहिनींच्या भावाची नेऱ्याला वाडी आहे, तिथे कुंपणाला जास्वंदच जास्वंद. दुपारी गाडी काढून गेलो.

कुंदावहिनींचा एक नियम आहे. झाडाला विचारल्याशिवाय पान तोडायचं नाही. भाभींनी थट्टा केली, "झाड काय रजिस्टरवर सही देतं का?"

"तुमी इचारा तं खरं," वहिनी म्हणाल्या. "आपलं काम इचारायचं."

आम्ही दोघी विहिरीच्या अंगाला तोडत होतो, भाभी पंपाच्या खोलीमागच्या कुंपणाकडे गेल्या. थोड्या वेळाने आल्या त्या रिकामी पिशवी छातीशी धरून. चेहरा पांढरा.

"काय झालं हो?"

"मी विचारलं," भाभी म्हणाल्या. "मजाक म्हणून विचारलं. म्हटलं, घेऊ का गं?"

"बरं, मग?"

"जवाब आला."

माझ्या हातातली पानं खाली पडली. "काय आला?"

"'घे गं.' एवढंच. पानांतून. कसम से मंदाताई, माझ्या तोंडासमोरून."

आम्ही जाऊन पाहिलं. कुंपणापलीकडे कापलेल्या भाताचे खुंट, पार डोंगराच्या पायथ्यापर्यंत. माणूस सोडा, बगळासुद्धा नाही. वारा पडलेला आणि एकच फांदी हलत होती.

कुंदावहिनींनी कपाळावर हात मारून घेतला. "मंग घ्यायचं ना! इचारायचं, आनि उत्तर आलं की पलायचं, ही कंची रीत?"

पानं त्यांनीच तोडली. भाभी गाडीच्या काचा लावून आत बसून राहिल्या.

* * *

आमचा मोबाईलवर ग्रुप आहे, 'कुरळ्या' नावाचा. विद्याने बनवलेला. तिचा नंबर काढायला आमचा हात धजला नाही, म्हणून ती अजून त्यात आहे. ग्रुपमध्ये सगळ्यांनी वाचल्याशिवाय मेसेजच्या टिका निळ्या होत नाहीत, त्यामुळे ती गेल्यापासून आमच्या टिका करड्या त्या करड्याच. सवय झाली होती.

एका दुपारी कुंदावहिनींनी त्यावर लिहिलं, "पानं उकलताना टाकू का थंड झाल्यावर". आम्हा दोघींना ठाऊक नव्हतंच. आम्ही वाचलं आणि कामाला लागलो. संध्याकाळच्या चहाला वहिनी मोबाईल घेऊन वर आल्या आणि माझ्यासमोर धरला. टिका निळ्या!

मी म्हटलं, "नंबर दुसऱ्या कुणाला गेला असेल. कंपन्या देतात असं." खात्री करायला इराला फोन लावला. ती म्हणाली, "नाही मावशी, नंबर आपलाच आहे. बाबा अजून रिचार्ज करतात. फोन आईच्या कपाटात आहे, बंद. मी परवाच साड्या काढताना पाहिला."

कपातला चहा गार होईस्तोवर आम्ही त्या टिकांकडे बघत बसलो. माझ्या हातावर काटा उभा होता. वहिनी मात्र तापल्या होत्या.

"वाचलंन ना? मंग दोन अक्षरं लिवायला काय झालं? जिती व्हती तवापन अशीच! वाचायची नि गप बसायची!"

* * *

आता आमच्या ह्यांचा किस्सा. विद्या असताना त्यांनी एकदा फ्रिजमधलं तिचं जेल ब्रेडला लावून खाल्लं होतं. वर म्हणाले होते, "तुमची जेली जरा फिकी झालीय!" वर्षभर आम्ही त्यावरून त्यांना छळलं.

पण विद्याचं जेल आतून ओळखणारा तेवढा एकच माणूस जगात उरलेला! इराने त्यांना गळ घातली, "काका, तुम्ही चाखून सांगा ना, आईसारखं झालंय का." माणूस तिच्यासाठी रोज चमचाभर अळशीचं जेल खायला लागला. "नाही गं, काहीतरी कमी आहे," म्हणायचा आणि पाणी प्यायचा.

नेऱ्याच्या पानांची खेप झाली त्या दिवशी आम्ही सगळ्या समोर बसलो. ह्यांनी चमचा तोंडात घातला, तोंड हलवलं आणि थांबले. मग दोन बोटं जिभेवर नेऊन काहीतरी ओढायला लागले. ओढतायत, ओढतायत, ते संपेचना. लांबच लांब केस! काळाभोर, टोकापर्यंत वळ्या असलेला.

तिथे कुंदावहिनींचे केस पिकलेले, भाभींचे मेंदीने लाल, आणि माझे तर कानापर्यंतच. जेल वस्त्रगाळ केलेलं, दोनदा. मी इराकडे पाहिलं. ती त्या दिवशीही इस्त्री करून आलेली.

"तुझाच असेल गं, आधी कधीतरी पडलेला," मी म्हटलं, पण माझा आवाज मलाच खोटा वाटला.

इराने तो केस ह्यांच्या बोटांवरून सोडवून घेतला, रुमालात घडी घालून पर्समध्ये ठेवला.

हे तोंड पुसून म्हणाले, "चव मात्र आज बरोबर आहे!"

चव बरोबर, पण केसांवर काही ते बसलं नाही. तासाभरात पाणी होऊन इराच्या मानेवरून ओघळलं. ती म्हणाली, "राहू दे आता मावशी. तुम्ही खूप केलंत. सोमवारी जाते मी पार्लरला."

* * *

सोमवारच्या आधीचा तो शनिवार. आम्हाला राहवेना. माझ्या स्वयंपाकघरात तिघींनी शेवटचं पातेलं चढवलं. दुपारभर खपलो. मोठ्या बरणीत भरून, गरम गरमच, जिने उतरून विद्याच्या घरी गेलो. दार लोटलेलं होतं. आतून इराचं हसू ऐकू आलं. विद्या गेल्यापासून ते तसं ऐकलं नव्हतं.

हॉलमध्ये इरा स्टुलावर बसलेली, केस ओले, आणि मागे निनाद उभा. शर्टाच्या बाह्या दुमडून, हात कोपरापर्यंत बुळबुळीत, तिचे केस मुठीत घेऊन चुरगाळत होता. पंख्याखाली पुढच्या बटा वाळत आल्या होत्या. एकेक सुटी. गोल. विद्याच्या डोक्यावर होत्या तशाच.

माझ्या हातातली बरणी मी खाली ठेवली. "अरे, हे जेल कुठून आणलंस?"

"मी केलं!" निनाद एकदम खूश. "इरा टेलरकडे अडकली होती. मी आलो तेव्हा बाबांनी दार उघडलं आणि ते दूध आणायला खाली गेले. मी पाणी प्यायला आत गेलो, तर मावशी होत्या ना गॅसपाशी. म्हणाल्या, आलास तर ढवळ. मग सगळं शिकवलं त्यांनी. पानं कधी घालायची, कधी उतरवायचं, कपडा कसा पिळायचा."

"कुठली मावशी?" भाभींनी विचारलं.

निनाद लाजला. "सॉरी हं, मला अजून तुमची नावं नीट पाठ नाहीत. साखरपुड्याला किती गर्दी होती! आणि चेहरा मी बघितलाच नाही धड. पातेल्यावरून नजर काढली की ओरडायच्या, 'इकडे बघ, इकडे! पातेलं सांगतं.' बाबा यायच्या आत गेल्यासुद्धा." त्याने दारात उभ्या आमच्याकडे पाहिलं, एकेक करून, तिघींकडे. मग आमच्या मागे जिन्याकडे मान वाकवून बघितलं.

"त्या चौथ्या मावशी नाही आल्या?"

कुंदावहिनींनी माझा दंड धरला. त्यांची बोटं बर्फासारखी गार लागली. इराचे बाबा स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभे होते, ते तसेच उभे राहिले.

इरा वळली नाही. स्टुलावर ताठ बसून राहिली, दोन्ही हात मांडीवर घट्ट. अगदी हळू आवाजात तिने विचारलं, "अजून काय म्हणाली?"

निनादने जरा आठवून पाहिलं.

"म्हणाल्या, कोरड्या केसांत कधी कंगवा घालू नकोस. तिला दुखतं, पण ती सांगत नाही."