पाठीवरचा खो

बबन, तुला आठवत नसेल, पण एसटीच्या पायरीवर मी थांबलो होतो. एक पाय वर, एक खाली. आत सुमन ट्रंक सांभाळत बसली होती. खाली बाबा पाठ फिरवून उभे. त्यांचं बोलणं आदल्या दिवशीच संपलं होतं, "बायकोच्या नोकरीमांगं चालला. लोकं हासतीन." कंडक्टरनं घंटी मारली तेव्हा तू मागून माझ्या पाठीवर हात मारलास, चांगला जोरात, आणि म्हणालास, "जाय दादा. मी हाव न इथं." मी आत ढकलला गेलो आणि पुण्याची गाडी सुटली.

हे लिहितो ते तुझ्यासाठी, आणि आपल्या गावची जी पोरं आता हडपसरला खोल्या करून राहतात त्यांच्यासाठी. मी चौथी शिकलेला माणूस. अक्षर वाकडं आहे, वाचून घ्या.

सुमन म्हणजे तुझी वहिनी, तुला सांगायला नको, पण या पोरांना सांगतो. लग्न झालं तेव्हा तिची बारावी झाली होती. पुढचं ती लग्नानंतर शिकली. लोक म्हणतात, मी तिला शिकवलं. तसं काही नाही. ती शिकली, मी आडवा आलो नाही. हडपसरच्या एका शाळेत तिला खेळाची बाई म्हणून नोकरी लागली आणि मी, शेताचा धनी, तिच्या मागं आलो.

पहिलं वर्ष वाईट गेलं. एका दुकानात मी "साखर काहून नाही?" म्हणून विचारलं, तर दुकानदार म्हणाला, "आपण मराठीत विचारलंत तर सांगता येईल." त्याच्या दुकानात मी पुन्हा पाऊल ठेवलं नाही. आता तिथं त्याचा मुलगा बसतो, तरी साखरेला मी दोन चौक पुढं जातो.

सुमनला म्हटलं, "चल परत." ती तेव्हा मुलींना खो-खो शिकवायला लागली होती. म्हणाली, "अहो, एकदा उठून दिशा घेतली की मधूनच मागं वळता येत नाही. खांबापर्यंत जावं लागतं. मग वळायचं."

"तुझा खांब कुठं आहे?"

"रिटायरमेंट."

"शब्द दिलास."

"दिला," ती म्हणाली.

तो शब्द मी धरून ठेवला. मी काही सोडत नाही, तुला माहीत आहे. इथं घर घेतलं नाही, भाड्यानंच राहिलो. कोणी विचारलं, कुठले, तर आपल्या गावाचं नाव सांगायचो. तुलाही दर दिवाळीला सांगायचो, माझी खोली रिकामी ठेव. तुझ्या घरात सून आली, नातवंडं झाली, तुम्ही दाटीवाटीनं राहिलात, पण ती खोली तू कुलपात ठेवलीस. बाबांचं शेवटचं आजारपणही तूच काढलंस.

मी आधी कारखान्यात होतो. तो बंद पडला आणि त्याच जागेवर काचेची बिल्डिंग उभी राहिली. गळ्यात पट्टे घातलेली पोरं-पोरी आत जायला लागली. मी गेटवर सिक्युरिटीला लागलो.

सुमनचं मैदान मात्र तेच राहिलं. पहाटे मी पहार घेऊन जायचो. खांब हलले असतील तर ठोकायचो, गाठी मारलेल्या सुतळीनं माप घ्यायचो आणि पांढऱ्या फक्कीनं मैदान आखायचो. मुली मला फक्कीकाका म्हणायच्या. मग ही यायची, शिट्टी गळ्यात. शाळेनं खेळाचे तास कमी करून कॉम्प्युटरला दिले, तेव्हा ही शाळा भरायच्या आधी प्रॅक्टिस घ्यायला लागली. मुली येईनात तर घरोघर जायची. एक बाप म्हणाला, "मॅडम, खो-खो खेळून नोकरी लागते का?" ही म्हणाली, "नाही लागत. पण नोकरी लागली की रोज धावत बस पकडावी लागेल. ते येईल." त्याची मुलगी तनुजा दुसऱ्या दिवशी मैदानावर होती.

पुढं तीच तनुजा आमच्या काचेच्या बिल्डिंगमध्ये लागली. पहिल्या दिवशी गेटवर म्हणाली, "काका, ओळखलं नाही का?" मी म्हटलं, "ओळखलं. आयडी दाखव."

मग सुमन रिटायर झाली. मी टेम्पो सांगितला. मला वाटलं, ही रडेल, थांबू म्हणेल, आणि मला तिला शब्दाची आठवण करून द्यावी लागेल. तिनं तर भांडी बांधली, गाद्या गुंडाळल्या. निघायच्या दिवशी, शनिवारी सकाळी, सामान चढवताना बघतो तर सुतळी नाही.

"तनुजाला दिली," ती म्हणाली. "आजपासून दर शनिवारी येत जाईल म्हणते. बाकी दिवस शाळा बघेल काय ते."

"तिला गाठी कळतात?"

"नाही कळत."

मी म्हटलं, दाखवून येतो, टेम्पो थांबव. मैदानावर गेलो तर तनुजा फक्की टाकत होती आणि मधली रेघ शाळेच्या भिंतीकडं सरकत चालली होती. मुली त्या वाकड्या रेघेवर, एकीचं तोंड इकडं, दुसरीचं तिकडं, तशा बसल्याही होत्या. मी त्यांना उठवलं, रेघ पुसली, पुन्हा आखली. आखून होईपर्यंत सुमन मागून येऊन उभी राहिली होती. शिट्टी गळ्यात नव्हती, ती ट्रंकेत गेली होती. मुली खेळायला लागल्या. धावणारीनं बसलेलीच्या पाठीवर हात मारला, "खो!" म्हणाली, ती उठून पळाली आणि हात मारणारी तिच्या चौकोनात बसली.

मी हे इतकी वर्षं बघत होतो, बबन. त्या दिवशी मला एसटीची पायरी आठवली.

टेम्पोवाला हॉर्न देत होता. मी जाऊन सामान उतरवायला सांगितलं. तो म्हणाला, "काय झालं काका?" मी म्हटलं, "रेघ वाकडी पडली होती." सुमननं ट्रंक उघडली, शिट्टी काढली आणि म्हणाली, "अहो, मग खांब शिवला की नाही?"

"बघू पुढच्या वर्षी," मी म्हटलं.

अजून ते पुढचं वर्ष आलेलं नाही. ती बिनपगारी शिकवते, मी आखतो. कोणी विचारलं, कुठले, तर अजून आपल्याच गावाचं नाव सांगतो. त्यात बदल होणार नाही. पण माझ्या खोलीचं कुलूप तोड. किल्ली शोधत बसू नकोस, ती माझ्याकडंच आहे आणि मी पाठवणार नाही. तुझ्या नातवंडांना तिथं झोपू दे. माझ्या पाठीवर हात मारून तू त्या जागेवर बसलास. नियमानं ती तुझी आहे.