सुलोला दोन वाजता बोलायचं होतं

आर्मास म्हणजे आमच्या कुह्मो गावातला सगळ्यात भित्रा माणूस. मी घरोघर फिरणारी नर्स आणि तो रुग्णांच्या घरचे संगणक सांभाळणारा, त्यामुळे आमची गाठ रोजची. कुठल्याही यंत्राला हात लावण्याआधी तो त्याचे ड्रायव्हर, म्हणजे ते यंत्र चालवणारे प्रोग्राम, दोन पेनड्राइव्हवर उतरवून घ्यायचा. एक खिशात, एक गाडीत.

"बायकोचीही एक प्रत काढून ठेवली असशील," मी चिडवायची.

"मूळचीच झेपत नाही मला, दुसरी काय करू?" तो म्हणायचा.

तरुणपणी लाकडाच्या कारखान्यात त्याने प्रत न घेता करवतीचा ड्रायव्हर बदलला होता. पाच दिवस करवत बंद, चाळीस माणसं घरी. तेव्हापासून भीती त्याच्या मानेवर बसली ती उतरलीच नाही.

मार्चमधल्या एका मंगळवारी आम्ही दोघं सुलोच्या घरी होतो. सुलोचं सगळं अंग लुळं पडलं होतं, फक्त डोळे चालायचे. संगणकाच्या पडद्याखालचा कॅमेरा ते डोळे टिपायचा. सुलो एकेका अक्षराकडे बघायचा आणि संगणक ते बोलून दाखवायचा. दोन वाजता डॉक्टरीणबाई येणार होत्या. श्वास पुरत नव्हता, तेव्हा गळ्यात नळी घालून यंत्रावर जगायचं की नाही, हे सुलोला सांगायचं होतं. त्याच्या बायकोजवळ, हेल्काजवळ, अक्षरांचा तक्ता होता; त्याचे डोळे बघून ती वाचून दाखवायची. पण सुलोने तिला बजावलं होतं, "हे तुझ्या तोंडून नको. मी सांगेन." तो नाहीच म्हणणार, हे तिने मनाशी धरलं होतं. दारातच मला म्हणाली, "थकलाय गं तो."

संगणक दोन दिवस कॅमेऱ्याचा नवा ड्रायव्हर मागत होता. आर्मासने या संगणकाला अजून हात लावला नव्हता; तो आला होता जुन्याची प्रत काढून, नवा आपोआप बसू नये म्हणून नेट बंद करायला, पाच मिनिटांचं काम. पण हेल्काने टेबल मांडलेलं. आमच्याकडे कॉफीआधी कामाला हात लावणं म्हणजे घरच्या बाईचा अपमान. एक कप झाला, वेलचीचा पाव झाला, दुसऱ्या कपालाही त्याला नाही म्हणता आलं नाही.

आम्ही खोलीत परतलो तेव्हा संगणक आपणहून बंद होऊन पुन्हा सुरू होत होता. पडदा उजळला. नवा ड्रायव्हर बसला होता आणि कॅमेऱ्याचा दिवा विझला होता. सुलोचे डोळे अक्षरांवरून फिरत होते, पण आवाज येत नव्हता.

आर्मासच्या तोंडचं पाणी पळालं. जुन्यावर परतायचं बटण फिकं पडलेलं, दाबता येईना. कॅमेरा बनवणारी कंपनी केव्हाच बुडालेली. एक वाजून वीस मिनिटं झाली होती. सुलो आता माझ्याकडे बघत होता.

"बोलता येईल ना त्याला?" हेल्काने विचारलं.

"माहीत नाही." आर्मासला खोटं बोलता येत नसे. "कधीकधी संगणक जुनं टाकून देत नाही, कुठेतरी कोपऱ्यात ठेवतो. बघतो."

त्या कोपऱ्यात शेकडो फोल्डर होते, नावांच्या जागी आकडे. तो तारखा पुटपुटत एकेक उघडत होता. चाळीस मिनिटं उघडणं आणि बंद करणं, दुसरं काही नाही. मग तो थांबला. "हा बघ. हाच."

आणि त्याने खिशातून पेनड्राइव्ह काढला.

मी ओरडलेच, "अरे, डोकं फिरलंय का? डॉक्टरीणबाईंची गाडी आली बघ बाहेर!"

"आधी प्रत." त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हात पुढे सरकेना. "हीच एक आहे, बाई. ही बिघडली तर संपलं."

प्रत झाली. जुना ड्रायव्हर बसला. डॉक्टरीणबाई बूट काढून आत आल्या तेव्हा संगणक पुन्हा सुरू होत होता, आणि आम्ही चौघं त्या विझलेल्या दिव्याकडे बघत उभे होतो. मग तो लागला.

डॉक्टरीणबाई पलंगाशी बसल्या. "सुलो, नळी हवी का?"

हेल्काने खिडकीकडे तोंड फिरवलं. सुलोचे डोळे हळूहळू एकेका अक्षरावर थांबत गेले.

"हवी," संगणक म्हणाला. "मरायची फार भीती वाटते. हेल्काला सांगायची लाज वाटत होती."

हेल्का खिडकीपासून वळली आणि त्याच्या पायाशी बसली.

"अरे गाढवा," ती म्हणाली, "मला काय कमी भीती वाटते?"